फोटोखालची ओळ

रुशनगुलला मी ओळखत होतो असं म्हणायला धजत नाही. तिच्या गावाचं नावसुद्धा मला धड उच्चारता येत नसे. हेगजवळच्या फोरबर्गला माझ्या मुलीकडे, मृणालिनीकडे, राहत असताना ती शेजारच्या घरात होती, एवढंच. चीनमधल्या उइघुर मुस्लिम समाजातली बाई, पन्नाशीची, बेकरीत कामाला. हिंदी सिनेमे पाहत वाढलेली, म्हणून हिंदी बोलायची, तीही थेट नायिकेच्या थाटात. मला चाचाजी म्हणायची.

दर शनिवारी ती ट्रामने हेगला जाऊन चिनी वकिलातीसमोर इतर उइघुरांबरोबर उभी राही. हातात भावाचा फोटो, त्याखाली डचमध्ये लिहिलेलं, ‘माझा भाऊ कुठे आहे?’ तिकडे पोलिसांनी त्याला उचलल्यापासून काही खबर नव्हती. घरच्यांना आणखी त्रास नको म्हणून ती मास्क लावून जाई.

एके दिवशी तिने आमची बेल वाजवली. भावाचा व्हिडिओ कॉल आला होता. वाळला होता, पण जिवंत होता. म्हणाला, “ताई, मी मजेत आहे. तू शनिवारी जाऊ नकोस, म्हणजे मला दर महिन्याला फोन करू देतील.” बोलताना सारखा बाजूला कुणाकडे तरी बघत होता.

मी मूळचा भित्रा. म्हटलं, “थांब थोडे दिवस. निदान त्याचा आवाज तरी ऐकू येईल.”

“आवाज त्याचा होता, चाचाजी. बोलत दुसराच होता.”

“पण मास्क असूनही त्यांनी तुला ओळखलं.”

“ओळखलंय ना? मग आता नीट बघू दे.”

त्या शनिवारी मीही गेलो. मृणालिनीने बजावलं, “बाबा, तुम्ही व्हिसावर आहात. कुणाच्या फोटोत येऊ नका.” म्हणून कडेला उभा राहिलो. रुशनगुलने मास्क काढून कोटाच्या खिशात कोंबला. फोटो तोच होता, खाली नवी ओळ: ‘त्याला मोकळेपणी बोलू द्या.’ समोरून एक जण मोबाइलवर शूटिंग करत होता. तिने फोटो त्याच्याकडे वळवला आणि तशीच उभी राहिली. मग मी तिच्या शेजारी सरकलो. हातांचं काय करावं कळेना, म्हणून फोटोचं एक टोक धरलं.

भावाचा फोन पुन्हा आला नाही. तिने एकही शनिवार चुकवला नाही.

मी पुण्याला परत निघालो तो शनिवारच होता. जिन्यात ती भेटली, फोटो काखेत.

“स्वेटर हाताशी ठेवलाय ना, चाचाजी? विमानात थंडी असते.”

“ठेवलाय. तू जेवलीस का?”

“आल्यावर जेवेन. ट्राम चुकेल.”