शेवटच्या खुर्चीवरची गेर्लिंडे

जर्मनीत थुरिंगियातल्या आमच्या लहानशा गावाच्या थिएटरात मी आयुष्यभर संगीत नाटकांतली विनोदी कामं केली. पडदा पडताना वाकून नमस्कार केला की मी खाली बसलेल्या वाद्यवृंदाकडे हात करत असे. लोकांना वाटे, हा सगळ्यांनाच मान देतोय. खरं तर माझा हात असायचा व्हायोलिनांच्या पहिल्या गटातल्या अगदी शेवटच्या खुर्चीकडे. तिथं गेर्लिंडे होप्फनर बसायची. माझा विनोद पडला, सगळं सभागृह ढिम्म बसलं, तरी ती एकटी खुदकन हसायची. नटाला असं माणूस लागतं.

ती पाव भाजणाऱ्याची मुलगी. रुंद खांद्यांची, हातांना कायम पिठाचा वास असल्यासारखी. तिच्या पर्समध्ये पावडरची एक डबी असे आणि डबीत पावडरीऐवजी व्हायोलिनची नवी तार, गोल गुंडाळून ठेवलेली.

त्या तारेमागे आमच्याकडची एक जुनी रीत होती. बाहेरून येऊन सगळ्यांच्या पुढे उभं राहून एकट्यानं वाजवणाऱ्या पाहुण्या वादकाची तार ऐन कार्यक्रमात तुटली, तर त्यानं शेजारच्या पहिल्या वादकाचं व्हायोलिन घ्यायचं. त्या वादकानं आपल्या मागच्याचं, त्यानं त्याच्या मागच्याचं. तुटलेलं व्हायोलिन असं हातोहात मागे सरकत शेवटच्या खुर्चीपाशी येतं. तिथं बसणाऱ्यानं ते घेऊन बाहेर जायचं आणि तार बसवून आणायची. वाजवणं मात्र क्षणभरही थांबायचं नाही. पण गेर्लिंडेच्या साऱ्या नोकरीत पाहुण्याची तार कधी तुटलीच नव्हती. उपाहारगृहात मी तिला चिडवायचो, "काय गं, आज तरी नाकाला तार लावलीस का?"

"तू आधी गाताना सूर लाव, आल्बिन," ती सॉसेज चावत म्हणायची.

तिच्या निवृत्तीच्या कार्यक्रमाला तिची धाकटी बहीण वाल्ट्राउट पहिल्यांदाच आली, रोस्टॉकहून. तिकडे ती मासळीच्या कारखान्यात मुकादम होती. आल्या आल्या म्हणाली, "ताई, एवढ्या जणांच्या कल्लोळात तुझं ते कुठं ऐकू येणार? तू नुसता गज हलवलास तरी कुणाला कळायचं नाही."

गेर्लिंडे हसली, पण तिला ते लागलं. मला म्हणाली, "आजच्या रचनेच्या मधल्या संथ भागात आम्ही सगळे एकदम हळू वाजवतो ना, तो भाग तिनं ऐकायला हवा. तेवढ्यासाठी बोलावलंय मी तिला."

आणि नेमकी पहिल्या भागाच्या शेवटी बुडापेस्टहून आलेल्या पाहुण्याची तार तुटली! वाद्यवृंद त्या दिवशी वर रंगमंचावर बसला होता आणि मी तिच्यासाठी फुलं घेऊन कडेला उभा होतो. व्हायोलिनं हातोहात मागे-पुढे झाली, सूर कुठं अडखळला नाही, आणि ते तुटलेलं मौल्यवान व्हायोलिन गेर्लिंडेच्या मांडीवर येऊन विसावलं. तिचं स्वतःचं पुढच्याच्या खांद्यावर गेलं होतं. ती उठली आणि दारातून बाहेर आली.

मीही मागोमाग बोळात गेलो. "वेडी आहेस का? आज तुझा दिवस आहे! दुसऱ्या कुणाला तरी पाठव. बहीण बसलीय तिथं."

"शेवटची खुर्ची माझी आहे. हे धर." डबी माझ्या हातात देऊन तिनं त्यातली नवी तार काढली, खुंटीला गुंडाळली, घोडीवरून नीट बसवली. मग बोटानं ताणून, पुन्हा पिळून, कानाशी धरून सूर जुळवू लागली.

तेवढ्यात आत संथ भाग सुरू झाला. तिचे हात थांबले आणि डोळे भरले.

"बघ, हुकलं ना? आता रडतेस कशाला?" मी म्हणालो.

"शू! माझं व्हायोलिन आत वाजतंय." तिनं दाराला कान लावला, डोळे मिटले. कपाळावर आठी पडली. कुणी गर्दीत आपलं मूल शोधावं तशी ती ऐकत होती. बराच वेळ. मग हळूहळू आठी गेली. तिनं पुन्हा खुंटी हातात घेतली.

तो भाग संपताच ती आत गेली. व्हायोलिनं पुन्हा हातोहात आपापल्या घरी परतली. शेवटचा वेगवान भाग पाहुण्यानं तिनं बसवलेल्या तारेवर असा वाजवला की लोक उभे राहिले. तिनंही आपल्या खुर्चीवरून वाजवला, मान डोलावत.

नंतर कपडे बदलायच्या खोलीत प्लमचा केक कापता कापता वाल्ट्राउट कुरकुरली, "हे काय गं ताई? ज्याच्यासाठी बोलावलंस, त्याच वेळी तू गायब! तुझी खुर्ची बघत बसले मी."

"अगं, पण माझं व्हायोलिन होतं ना आत. मी बाहेरून ऐकत होते."

"मग? आलं ऐकू?"

"छे!" गेर्लिंडे म्हणाली. "इतका जीव काढून ऐकलं, पण वेगळं काढताच येईना. सगळ्यांचं मिळून एकच वाजत होतं." आणि ती अशी खुशीत हसली, की माझ्या कुठल्याच विनोदाला कधी हसली नसेल. "दे आता, मोठा तुकडा दे."