गुंडू अडकला ती घळ

"घळीनं नगंच, पावणं. सोंडंनं चला. लांब पडती, पर वाट झ्याक हाय."

"पण काका, मोबाईल घळच दाखवतोय," शहरातनं, राजारामपुरीहून, डोंगर चढायला आलेली अनुजा म्हणाली. "हे बघा, 'गुंडू अडकला ती घळ'. ह्यो गुंडू कोण?"

"मेला त्यो," गुंडू म्हणाला.

आजऱ्याच्या वरअंगाला, आमच्या गावामागं कावळसुळका नावाचा बोडका कातळ आहे. चढायच्या वाटा दोनच: एक कातळाच्या अरुंद फटीतली घळ, दुसरी खाली उतरत आलेल्या धारेची सोंड. एका साली गुंडूची शेळी घळीतनं वर गेली. मागनं गुंडू गेला आणि पोटाशी अडकला. शेळी आपली आपण खाली आली, गुंडू येईना. तेल ओता, सुटंल, असं कुणीतरी म्हणालं. काजूच्या कारखान्यात कामाला असलेल्या बाळासोनं हाताला लागलं ते तेल आणून ओतलं. ते निघालं काजूच्या टरफलाचं. गुंडू सुटला, पण कातडी भाजली आणि कैक दिवस गडी पालथाच झोपला. घळीला नाव पडलं, ते कुणा उपद्व्याप्यानं मोबाईलच्या नकाशावरही चढवलं.

तवापासनं गुंडूचा एकच ध्यास. घळीनं कुणी गेलंच नाही, तर नाव बुजंल. म्हणून पावणं दिसले की हातातलं काम टाकून हा त्यांना सोंडेनं न्यायला पुढं.

"तुमचं नाव काय, काका?" चढताना अनुजानं विचारलं.

"हंबीरराव."

निम्म्यात छातीला लागेल असा कातळ आला. हंबीररावांनी तोऱ्यात ढांग टाकली, तशी विजार करवंदीच्या जाळीत गुतली. एक पाय वर, एक खाली. पुढं जाईना, मागं येईना.

खालच्या शिवारातनं बाळासोनं बघितलं आणि बेंबीच्या देठापासनं हाक दिली, "आरं ए गुंडूऽ! आता तितं काय अडाकलाईस? तेल आणू काय?"

अनुजा बाजूनं वर चढली, दोर सोडला. "काका, गुंडू मेलाता न्हवं?"

"आता मरतोय की! वडा आदी!"

माथ्यावर पोचल्यावर तिनं मोबाईल काढला. "सोंडंला अजून नाव न्हाई. काय टाकू?"

"हंबीरराव टाका."

"खोटं कसं टाकू?" तिनं भराभर बोटं चालवली. गुंडूनं मान लांबवून वाचलं: 'गुंडू पुन्हा अडकला ती सोंड'.

"पुसा त्ये!"

"गेलं की वो, काका."

गुंडूनं तिसऱ्या बाजूला वाकून बघितलं. सरळसोट कडा. तिकडनं न्यावं, तर नाव द्यायला गुंडूच उरायचा नाही.

तेवढ्यात खालनं त्याच्या बायकोचा, झुंबरबाईचा आवाज आला, "अवंऽ, म्हस वराडतीया! धार कोण काढायची?"

"आलोऽ!" म्हणत गुंडू फाटकी विजार मुठीत धरून उतरला, हात धुतले आणि चरवी घेऊन म्हशीखाली बसला.