झाकून ठेवलेला पेला

जे लिहितो आहे ते माझ्या पत्नीखेरीज कुणालाही ठाऊक नाही, आणि तिलाही मी ते फार उशिरा सांगितलं. सोलापुरातल्या आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीत प्रभुभोजनाच्या विधीत सेवा करण्याचं काम बरीच वर्षं माझ्याकडे आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारी पावाचे तुकडे आणि द्राक्षरसाचे इवले पेले तबकात घेऊन मी प्रत्येक बाकापाशी जातो. सगळ्यांना देऊन झालं की मेजाशी परत यायचं आणि लोकांकडे पाठ करून आपला वाटा घ्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. तो वाटा मी कित्येक वर्षं घेतला नाही. पेला ओठांपर्यंत न्यायचो आणि तसाच भरलेला मेजावरच्या पांढऱ्या कपड्याखाली सरकवायचो. पावाचा तुकडा शर्टाच्या खिशात जायचा. त्या वेळी सगळ्यांचे डोळे प्रार्थनेत मिटलेले असत.

सुरुवात अगदी क्षुल्लक होती. तो रस आमच्या घरीच होतो. आदल्या दिवशी माझी पत्नी काळे मनुके भिजवते, उकळते आणि फडक्यातून पिळून घेते. एका रविवारी सकाळच्या घाईत तिच्या हातून थोडा रस माझ्या इस्त्रीच्या शर्टावर सांडला. आम्हाला मूलबाळ नाही. त्यावरून मी तिला एक वाक्य बोललो. शर्टाचा आणि मुलाबाळांचा काय संबंध, असं कुणीही विचारील. पण राग संबंध बघत नाही. ती पावाचे तुकडे करत राहिली. त्या दिवशी मेजाशी उभा राहिलो तेव्हा वाटलं, हे तोंड या पेल्याला लावायच्या लायकीचं नाही. पुढच्या महिन्यात आधीचं लपवल्याचा डाग होता. त्याच्या पुढच्या महिन्यात दोन्ही. स्वच्छ झालो की घेईन, असं मी दर वेळी ठरवत गेलो. मुलांच्या रविवारच्या वर्गात मात्र मीच शिकवत होतो, की फांदी वेलीला जडलेली असते तसे आपण ख्रिस्तात असतो, त्याचाच रस आपल्यातून वाहतो. शिकवताना मनात यायचं, आपण म्हणजे सुतळीनं बांधलेली वाळकी फांदी. लांबून बघणाऱ्याला वेलीचीच वाटते.

मागच्या वर्षी पत्नीच्या गर्भाशयात गाठ निघाली. ऑपरेशन ठरलं. आदल्या दिवशी दवाखान्यातल्या कॉटवरून ती म्हणाली, "अहो, पाळकसाहेबांना बोलवा संध्याकाळी. आपण दोघं मिळून प्रभुभोजन घेऊ." मी हो म्हणालो, पाळकसाहेबांना निरोपही दिला आणि मग पुढचं दिसू लागलं. समोर कॉटवर ती, शेजारी पाळकसाहेब असणार. पाठ फिरवायला जागाच नव्हती. उद्या तिचं काय होईल ते ठाऊक नव्हतं. अशा वेळी तिच्यासमोर पुन्हा नाटक करायचं, की खरं सांगून तिला त्या जड मनानं आत पाठवायचं? दोन्ही जमेना. शेवटी मी जिना उतरून आवारात आलो. वॉर्डात परवानगी नाही, असं पाळकसाहेबांना खोटंच सांगायचं ठरवून फोन काढला.

तिथं लिंबाच्या सावलीत शेजारच्या कॉटवरल्या बाईची सासू जेवायला बसली होती. तेलुगू घरातली, जन्म मागावर चादरी विणण्यात गेलेला. वॉर्डात सगळे तिला आज्जीच म्हणत.

"ओ सर, कुणाला फोन लावताय? बसा हितं."

"नको आज्जी, काम आहे."

"काम कुटं पळून जातंय? सकाळधरनं बघतेय मी. बायकोला भरवलं, आमच्या सुनंला पेज आणून दिली, त्या पलीकडच्या म्हातारीला सुद्धा. सगळ्यांना वाढताय, आन सोता कवा खानार? पडला की तुमाला कोन उचलनार, मी?"

तिनं कडक भाकरी मोडून वर शेंगाची चटणी घातली आणि माझ्यापुढं धरली. मी मागं सरकलो. म्हणालो, "हात धुतले नाहीत अजून."

"हात धुवायला हितनं नळापत्तर जानार, मग तिकडनंच पळनार तुमी. वळखते मी असल्यांना. आदी खावा. हात काय, मागनं बी धुता येतंय की."

तिनं तुकडा माझ्या हातावर ठेवला आणि मी खाल्ला. खाता खाता रडू आलं. आज्जीला वाटलं चटणी तिखट लागली. "लई तिखट हाय काय?" म्हणत तिनं पाण्याची बाटली पुढं केली. तिला माझं काहीच ठाऊक नव्हतं. तिला कुणी पाठवलं, यावर मी वाद घालणार नाही. एवढंच सांगतो, की फोन मी खिशात ठेवला आणि वर गेलो.

पत्नीच्या कॉटशी स्टूल ओढून, खाली बघत सांगून टाकलं. मी प्रभुभोजन घेत नाही. कित्येक वर्षं झाली.

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

मी वर बघितलं.

"पेले कोण धुतं? एक भरलेला परत येतो दर महिन्याला. आणि पांढऱ्या शर्टाच्या खिशात पाव ठेवून तसाच धुवायला टाकता. लगदा होतो त्याचा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही कुठं बोलता? तुमचं तोंड उघडायचं म्हणजे कुलूप फोडायचं काम." मग ती म्हणाली, "पण तुमचा पेला मी कधी ओतून दिला नाही. मोरीपाशी उभ्यानं प्यायचे, तुमच्या नावानं. म्हणायचे, देवा, यांचा वाटा आज मी घेते. यांना सोडू नकोस."

मी स्वतःला तुटलेला समजत होतो, तेवढी सगळी वर्षं मला कुणीतरी धरून ठेवलं होतं. मी काहीच केलं नव्हतं. "पण एवढं झालं कशामुळं?" तिनं विचारलं. "सांगतो," म्हणालो, तेवढ्यात पाळकसाहेब आले.

त्या संध्याकाळी मी तिच्यासमोर पाव खाल्ला आणि पेला रिकामा केला. प्रकाश दिसला नाही, आवाज आला नाही. मनुक्याची जराशी तुरट गोडी जिभेवर आली आणि कळलं की देव आत्ता जवळ आला असं नाही. तो आतच होता, बाहेर मीच उभा होतो. लायक होऊन त्याच्याशी एकरूप व्हायचं, हा माझा हिशेब उलटा होता. तो आधी आपलं म्हणतो. धुणं त्याच्याच हातून, मागाहून होतं. आपण फक्त हात पुढं करायचा, आणि तेवढंच मला इतकी वर्षं जमलं नव्हतं.

ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. ती घरी आहे, मनुके पुन्हा भिजवू लागली आहे. आज्जीची सूनही बरी होऊन घरी गेली. दर महिन्याला मी माझा पेला पितो आणि देवाचे आभार मानतो. पण तिला "सांगतो" म्हणालो होतो ते राहूनच गेलं आहे; त्या रविवारी सकाळी बोललेल्या वाक्याची क्षमा मी पत्नीकडे अजून मागितलेली नाही. ती मागायची आहे.