आत्याचं नाक

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — नवऱ्यालाही नाही, माझ्या गाइडना तर नाहीच. मग तुम्हालाच का सांगतेय? तुम्ही रेवदंड्याचे नाही, आत्याला ओळखत नाही, म्हणून असेल.

मी रसायनशास्त्रात पीएचडी केली, नॅनोफायबरवर. पॉलिमरचं द्रावण सुईतून सोडायचं, त्याला जबर व्होल्टेज द्यायचं, की हवेतल्या हवेत केसाहून कितीतरी बारीक धागा ओढला जातो आणि समोरच्या फॉइलवर पांढरी चटई जमते. माझ्या धाग्यात सायक्लोडेक्स्ट्रिन होतं. साखरेच्याच जातीतलं, पण त्याचा रेणू वाटीसारखा पोकळ. त्या वाटीत ओव्याचा अर्क बसवायचा आणि चटई मासळीच्या खोक्यात अंथरायची. अर्क हळूहळू सुटेल, मासळी टिकेल. आम्ही कोळी — हा विषय घेतला तेव्हा घरात केवढं कौतुक झालं माझं!

पण अर्क वाटीत राहिलाच नाही. धागा सुकता सुकताच बहुतेक उडून गेला. तपासणीत ते मला स्वच्छ दिसलं. तरी चटईवरचे बांगडे दुसऱ्या दिवशीही वास मारत नव्हते. असं कसं? विचार केला तेव्हा उलगडलं. रिकाम्या वाट्यांनी नासक्या मासळीचाच वास धरून ठेवला होता. बांगडे नासतच होते, फक्त कळत नव्हतं.

तेव्हा काय करायला हवं होतं ते मला माहीत होतं. पण विभागात येणाऱ्या पाहुण्यांसमोर प्रात्यक्षिक ठरलं होतं. साध्या खोक्यापाशी सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले, माझ्या खोक्यापाशी टाळ्या वाजल्या. मी हसून त्या स्वीकारल्या.

एवढंच असतं तर... असं काय मी एकटीनंच केलंय, म्हणून झोपलेही असते. खरं सांगायचंय ते पुढेच आहे, आणि मी उगाच व्होल्टेजच्या गोष्टी करत बसलेय.

माझी आत्या बाजारात मासळी विकायची. बाकीच्या बायकांना शंका आली की त्या टोपली तिच्या नाकापुढे धरायच्या, आणि ती म्हणेल ते प्रमाण. त्या नाकाचा तिला भारी तोरा होता. भाचीच्या चटया तिनं हौसेनं मागून घेतल्या. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं — मी दिल्या.

चटया आहेत म्हणून तिनं बर्फ कमी केला. आदल्या दिवशीचे उरलेले बांगडे, वास घेऊन, अगदी खात्रीनं, नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिले. त्या घरातली माणसं तोंडं लालबुंद होऊन, ओकत दवाखान्यात गेली. वाचली सगळी. पण बाजारात व्हायचा तो बोभाटा झालाच.

मी धावत गेले. आत्या ओटीवर बसली होती, रडून डोळे सुजलेले. म्हणाली, "माजा नाक गेला गो बाय. मना वासच आला न्हाय."

तिला चटयांचा संशय नव्हता. माझा तर नव्हताच. तुझं नाक शाबूत आहे आत्ये, वास मी लपवला — एवढंच म्हणायचं होतं ना? किती शब्द लागतात त्याला? आणि मी तिच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाले, "वय झाला तुजा, आत्ये. व्हतं असा."

हात फिरवत. हे फार छळतं मला.

नवीन देते म्हणून चटया परत घेतल्या, जाळल्या. यथावकाश पदवी मिळाली. आत्या पुन्हा बाजारात बसली नाही. आता दूध नासलंय का हेही ती सुनेला विचारते. तिचं नाक उत्तम आहे, हे जगात फक्त मला माहीत आहे. तिलाही नाही.

मागच्या रविवारी गेले होते. तिनं एक पापलेट उचलून माझ्यापुढे धरलं. "तू बघ गो. तुजा नाक शिकलेला हाय."

मी वास घेतला. ताजं होतं. तसं म्हणाले. तिनं लगेच मानलं, आणि विळी पुढे ओढली.