तीन मिनिटांत सारी दुनिया

दुसऱ्याच्या कानावर आमच्या घरमालकांइतका विश्वास ठेवणारा माणूस मी उभ्या विदर्भात पाहिला नाही. स्वतःच्या कानांवर मात्र त्यांचा तेवढा भरवसा नव्हता. क्लॅरिनेट घेऊन ओट्यावर बसले, की रस्त्याने जाणाऱ्या कोणालाही थांबवून विचारायचे, "खरं सांग गा, कुठं खटकलं?" एखादा दूधवाला सायकलवरून एक पाय खाली टेकवून काहीतरी सांगून मोकळा व्हायचा, आणि मामा ते खरोखरच दुरुस्त करायला बसायचे. सगळी वस्ती त्यांना मामाच म्हणायची. मी खेड्यातून कॉलेजसाठी नागपुरात आलो तेव्हा त्यांच्या घरातली मागची खोली मला मिळाली. आमच्या घराण्यात माझ्याआधी कोणी कॉलेजचं दार पाहिलं नव्हतं. मामांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'बी.ए.' ठेवलं, मी पास व्हायला अजून चार वर्षं होती. परीक्षेच्या दिवसांत ते मला पहाटे क्लॅरिनेट वाजवून अभ्यासाला उठवत. इंग्रजीचा पेपर असला तर पलटणीची धून, मराठीचा असला तर भूपाळी. अर्थशास्त्राला काय वाजवावं ते त्यांना कधी सुचलं नाही, त्या दिवशी नुसतंच दार ठोठावत. मी आज जो काही आहे त्यात त्या पहाटेच्या फुंकरीचा वाटा मोठा आहे.

मामा गिरणीत कामाला होते आणि लग्नसराईत बँडमध्ये वाजवत, पण त्यांचा जीव अडकला होता रेडिओत. सुई केसाएवढी सरकवत ते परमुलखातलं गाणं शोधायचे. भाषा कळत नसे, म्हणून देश तेच ठरवत. संथ असेल तर रशिया, गोल गोल फिरत असेल तर अरबस्तान, आणि पाय आपोआप हलायला लागले तर क्युबा. मग या चालींमध्ये ते आपल्या आईची, भाताची रोपं लावताना बांधीत म्हणायची रोवणीची गाणी मिसळत. त्यातून 'सारी दुनिया म्युझिकल पार्टी' उभी राहिली. माणसं तीनच. मामा स्वतः, नागपुरातल्याच सदर भागातल्या एका चर्चमध्ये व्हायोलिन वाजवणारे एक गुरुजी, आणि कामठीचे चाचा, जे दिवसभर पॉवरलूम चालवत आणि रविवारी ढोलक. मामी म्हणायची, "सारी दुनिया घरात आनली, पन चक्कीवरून पीठ आनाले त्यातला एक मानूस कामाचा नाही." मामा "जातो नं वं" म्हणत, आणि जात नसत.

एका रविवारी चाचांची सम चुकली. पुन्हा चुकली. गुरुजी हसले, मामा हसले नाहीत. पंचवीस वर्षं लूमच्या खडखडाटात काढलेल्या चाचांचे कान चालले होते. त्या दिवशी चाचा गेल्यावर मामा मला म्हणाले, "बी.ए., आपली तबकडी निंगाली पायजे. वाजवताना मानसाले सोताचं थोडंच ऐकू येते? चाचानं एकदा तरी निवांत बसून आपला ढोलक ऐकला पायजे. कान बंद व्हायच्या आत."

तबकडीसाठी मुंबईला जायचं, स्टुडिओचं भाडं द्यायचं. तिघांच्या ऐपतीबाहेरची गोष्ट. म्हणून वस्तीत वर्गणी सुरू झाली, आणि इथेच मामांचा स्वभाव आडवा आला. तबकडीसाठी बसवलेली धून पूर्ण ऐकवल्याशिवाय ते कोणाकडून काही घेत नसत. कोणी पैसे द्यायचं, कोणी अर्धा शेर तांदूळ. पण घेतल्यावर विचारणार, "काय कमी वाटलं?" आणि देणाऱ्याने जे सांगितलं ते धुनेत घालणार. शिंप्याला मुलगी सासरी जातानाचं रडणं हवं होतं, ते आलं. टांगेवाल्याला घोड्याच्या टापा हव्या होत्या, त्या चाचांनी दिल्या. भाजीवाल्या बाई म्हणाल्या, "माहा नातू झोपत नाही, त्याच्यासाठी शेवटी थोडं अंगाईवानी टाका." तेही टाकलं. सहा मिनिटांची धून अर्ध्या तासाची झाली. ती प्रत्येक दारात पूर्ण वाजवायची, म्हणजे रविवारी दोन घरं झाली तर पुष्कळ.

मी एकदा धीर करून म्हणालो, "मामा, आता नवं काही घालू नका. चाचांसाठी घाई आहे ना?"

"मंग काय, ज्या बाईनं तांदूळ देल्ले तिच्या कानाले नाही म्हनू?"

"नुसते आभार माना."

"आभारानं पोरगं झोपते काय गा?"

वर्गणी पुरी व्हायला दोन वर्षं लागली. तोवर चाचांशी बोलायचं तर समोर उभं राहून ओठ हलवावे लागत. मामा वाजवताना मानेने ताल देत आणि चाचा त्या मानेकडे बघून ढोलक वाजवत. गुरुजी मला हळूच म्हणाले, "आपण उशीर केला." मामांनी ते ऐकलं. त्यानंतर आठवडाभर ते क्लॅरिनेटला शिवले नाहीत.

तरी आम्ही गेलो. इंग्रजी येणारा म्हणून मलाही नेलं. स्टुडिओतल्या साहेबाने घड्याळावर बोट ठेवून सांगितलं, तबकडीच्या एका बाजूला तीन मिनिटं, वर एक सेकंद नाही. पहिली बाजू रोवणीच्या गाण्यांनी आधीच ठरलेली होती. दुसरीवर ही अर्ध्या तासाची धून. मी म्हणालो, "टापा काढा, रडणं काढा." मामांनी कोणाचंच काही काढलं नाही. प्रत्येकाचं थोडं थोडं कापलं आणि उरलेलं दाबून बसवलं, जत्रेच्या बैलगाडीत माणसं बसवतात तसं. वाजवताना त्यांची नजर सतत भिंतीवरच्या घड्याळाकडे होती.

तबकडी आली तेव्हा रविवारी दुपारी अंगणात ग्रामोफोन मांडला. सगळे देणारे जमले. शिंपी ओरडला, "हे माहं!" टांगेवाल्याने टापा ओळखल्या. भाजीवाल्या बाई नातवाला मांडीवर घेऊन शेवटच्या अंगाईची वाट बघत होत्या. चाचा सगळ्यांत पुढे बसले होते. त्यांना काहीच ऐकू येत नव्हतं. थोड्या वेळाने त्यांनी ग्रामोफोनच्या लाकडी पेटीवर तळवा ठेवला आणि डोळे मिटले. धून संपल्यावर टाळ्या झाल्या. चाचा हात न काढता म्हणाले, "आखिर में जल्दी हो गई मेरे से. माफ करना, भाई."

सगळे "नाही, नाही" करत हात हलवू लागले. मामांनी मात्र हात हलवला नाही.

माणसं पांगल्यावर मामा त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. चाचांचा हात घेऊन त्यांच्या तळव्यावर बोटांनी तो शेवटचा तुकडा वाजवला. आधी जसा हवा होता तसा, मग तबकडीत वाजला तसा. मग स्वतःच्या मानेकडे बोट करून ती भराभरा हलवून दाखवली आणि आपल्याच गालावर एक चापट मारून घेतली.

चाचा हसले. आपला आवाज आपल्यालाच ऐकू न येणारी माणसं बोलतात तसं, साऱ्या गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले, "मालूम है, मास्टर. तुम्हारी ही मुंडी देख के तो बजाया. सब्जीवाली बाई का हिस्सा छूट जाता तो तुम घर कैसे लौटते?"

मामांनी तो हात बराच वेळ सोडला नाही. मामी चहा घेऊन आली होती, ती दारातच थांबली.

आता त्या दोघांपैकी कोणी नाही. मामीने ती तबकडी मला दिली. शेवटाकडे ढोलक धावत सुटतो, क्लॅरिनेट त्याच्या पुढे, आणि अंगाई कशीबशी आत येऊन बसते. एवढ्या घाईत कोणतं मूल झोपेल, असं दर वेळी वाटतं. आणि मी सुई उचलून पुन्हा त्याच जागी ठेवतो.