आत्या हलक्या झाल्या तेव्हा

मी आठवीत शाळा सोडली, पण वजनाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही. वाशीमकडं आमच्या गावात बाप सोयाबीनची पोती भरायचा आणि मी पोत्याचं तोंड धरून उभी असायची. पोतं जमिनीवरून नुसतं हललं तरी मला कळायचं, पन्नास आहे की बावन्न. आता मी इकडं मुळशीत, नांद्याच्या रस्त्यावरच्या एका लहानशा दवाखान्यात, कॅज्युअल्टीत मावशी म्हणून काम करते. पोत्यांच्या जागी माणसं आली एवढाच फरक. पोती बोलत नव्हती.

आडवा आलेला पेशंट काही काट्यावर उभा राहत नाही, आणि काही औषधं तर वजनावरच ठरतात. म्हणून डॉक्टर मॅडम बरोबरच्या लोकांना विचारतात, "वजन किती यांचं?" उत्तरं ऐकण्यासारखी असतात. "तब्येत चांगली हाय की." "लग्नात साठ व्हतं." लग्न कधी झालं? "नातू धावीला हाय आता." मॅडम डोळे मिटून घेतात. जीपमधून पेशंट उतरवताना चादरीची चार टोकं चौघं धरतात, त्यातलं एक माझं. एका दुपारी माझ्या तोंडून निघून गेलं, "ब्याऐंशी." सगळ्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, गेली नोकरी. दोन दिवसांनी तो माणूस उठून काट्यावर उभा राहिला, तर ब्याऐंशी आणि वर थोडंसं. "थोडंसं म्हणजे खिशातला मोबाइल," सिस्टर म्हणाली.

तेव्हापासून आमचा खेळच झाला. मॅडम, सिस्टर आणि मी, तिघींनी आपापला आकडा तळहातावर लिहायचा आणि पेशंट उभा राहिला की हात उघडायचे. जिचा आकडा खऱ्या वजनापासून सगळ्यांत लांब, तिनं चहा करायचा. वर्षभर मी दुसऱ्यांच्या हातचा चहा पितेय. एवढं शिकलेली डॉक्टर माझ्यासाठी आलं किसते, आणि मी कप घ्यायला अजून उठून उभी राहते. कुणीतरी एक दिवस दारातून डोकावून म्हणेल, "ही बाई इथं कशी आली?" अशी धाकधूक असते ना, म्हणून.

याच खेळात मला एक गोष्ट दिसली. मला वाटायचं, जाड माणसं आधी जात असतील. पण शुगरवाल्यांत उलटंच दिसायचं. शंभर किलोचे आजोबा धापा टाकत यायचे, चार दिवसांनी जेवणाला मीठ नाही म्हणून भांडायचे आणि घरी जायचे. वाळून काटकी झालेली माणसं मात्र गुपचूप यायची, आणि त्यांच्यातले काही गुपचूपच जायचे. मी मॅडमना भीतभीत विचारलं.

"मावशी, हे बाहेर बोलू नका," त्या हसत म्हणाल्या, "नाहीतर उद्या अख्खी मुळशी जिलेबी खाईल. जाडपणानं कुणी वाचत नाही. पण न ठरवता जो वाळला ना, त्याला आजार आतून खात असतो. असा माणूस आला की मी जास्त पळते."

मी मान हलवली. समजलं असं वाटलं मला. घरी गेले आणि विसरले.

घरी म्हणजे आत्यांकडं. घरमालकीण माझी. शेतात आता सहा खोल्या बांधल्यात आणि सहा खोल्यांत सहा मुलखांची माणसं भरलीत. मी पहिल्या दिवशी पिशवी घेऊन दारात उभी राहिले तर म्हणाल्या, "मला काकू-बिकू नगं म्हनू, आत्या म्हन. आन जेवलीस का?" मी म्हटलं, "हाव." "हाव काय? जेवलीस तर पोट पाठीला कशापायी लागलंय?" ताटात इंद्रायणीचा मऊ भात आणि वर कालवण. त्या भाताचे उपकार मी कुठं ठेवू मला अजून कळलेलं नाही.

आत्या म्हणजे ब्याण्णव किलो आणि दहा वर्षांची शुगर. जिना चढल्या की जिना धापा टाकायचा. पण मागच्या पावसाळ्यात चमत्कार झाला. आत्या बारीक व्हायला लागल्या! दर सोमवारी गल्लीतल्या भाताच्या गिरणीत जायच्या आणि पोती तोलायच्या काट्यावर उभ्या राहायच्या. गिरणीवाला हाताच्या सवयीनं बारदानाचा, म्हणजे रिकाम्या पोत्याचा, एक किलो वजा करून आकडा सांगायचा. आत्यांना तेही चालायचं. "लुगड्याचा धरला आसंल," म्हणायच्या. ब्याण्णवाचे शहाऐंशी झाले, शहाऐंशीचे एकोणऐंशी. मग काटा दुरुस्तीला गेला, पण तोवर कीर्ती पार कोळवण गावापर्यंत पोचली होती. बायका विचारायला यायच्या, "काय खाता वो?" आत्या म्हणायच्या, "समदंच खाती." आणि ते खरं होतं! दोन भाकरी जास्त खायच्या, तांब्यावर तांब्या पाणी प्यायच्या आणि वाळायच्या. सुनेनं पोलकी आत घेतली, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा पोलकं आत घेतलं त्या दिवशी आम्ही गच्चीवर फुगडी घातली. आत्या साठीच्या, मी चौतीसची. पहिल्या खोलीतला बिहारचा मुलगा टाळ्या वाजवत होता, "आंटी तो हीरोइन हो गई!"

फुगडी थांबली तशी आत्या माझ्या कानाशी म्हणाल्या, "कुनाला सांगू नगंस. गनपती बसले तवाधरनं शुगरच्या गोळ्या बंद केल्यात म्या. वजन गेलं तशी साखर बी गेलीच आसंल की."

आणि मी, कॅज्युअल्टीतली मावशी, काय म्हणाले? "बरं झालं व माय!" असं म्हणाले आणि हसले. फुगडीनं डोकं गरगरत होतं आणि आत्या आनंदात होत्या. हे मी लिहून ठेवते, कारण हे लपवायचा मोह मला एकदा झाला होता.

दसऱ्याच्या आधीची दुपार. दवाखान्याच्या दारात जीप आली, तिच्यातून आत्यांची सून रडतच उतरली. आत सीटवर आत्या. डोळे अर्धे उघडे, जीभ कोरडी, श्वास खोल खोल, विहिरीतून पाणी ओढल्यासारखा. सकाळपासून ओकत होत्या म्हणे. आम्ही चौघांनी चादर धरली. आत्या म्हटल्यावर माझ्या हातांनी ब्याण्णवची तयारी केली होती. उचललं आणि मी मागं कोलमडले. माझं टोक सगळ्यांत वर गेलं. एवढ्या हलक्या!

"वजन?" मॅडमनी सुनेला विचारलं.

"ब्याण्णव," सून म्हणाली. जुन्या फाइलीवर तेच लिहिलेलं.

"अडुसष्ट," मी म्हटलं.

सुईनं बोटातून रक्त काढून सिस्टरनं मशीन लावलं, तर आकडाच येईना. एवढी साखर त्या मशीनला मोजता येत नाही. मॅडम माझ्याकडं वळल्या. "मावशी, हा खेळ नाहीये. नक्की?"

माझ्या हातांना माहीत होतं. "नक्की. सत्तरच्या वर नाही."

"डायटिंग करत होत्या?" मॅडमनी सुनेला विचारलं. सून म्हणाली, "व्हय, आत्यांनी लई मनावर घेतलं व्हतं." तिची तरी काय चूक, पोलकी तीच आत घेत होती.

आता बोलले तर खोली जाईल असं वाटलं. सून म्हणेल, हिला ठाऊक होतं आणि ही गप्प बसली. ह्या एवढ्या मोठ्या मुलखात ती एक खोली सोडून माझं काय आहे? पण आत्यांचा तो श्वास ऐकू येत होता. मी बोलले, आणि एकदा सुरू झाले तर तोंड थांबेचना. "डायटिंग नाही मॅडम, जास्त खायच्या. पाणी तर बादलीनं. आणि गोळ्या बंद आहेत, गणपती बसले तेव्हापासून. मले माहीत होतं. मी बरं झालं म्हटलं त्यांना."

सून रडायची थांबली आणि माझ्याकडं बघत राहिली. मॅडमनी मात्र बघायला वेळच घेतला नाही. आत्यांच्या दोन्ही हातांत दोन सलाइन, इन्सुलिन अडुसष्टच्या हिशोबानं, तासातासाला रक्त. वाळलेल्या माणसासाठी जास्त पळते म्हणाल्या होत्या ना, तशाच पळत होत्या. मी बाहेर फरशी पुसत होते. एकच फरशी, किती वेळा ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी डोळे उघडले. पहिलं वाक्य, "माझं पोलकं कुनी कापलं?" छातीला ईसीजीच्या तारा लावायच्या घाईत कापावं लागलं होतं. सिस्टर एवढी हसली की तिला भिंतीचा टेकू घ्यावा लागला. मी हसत होते आणि नाकातून पाणी येत होतं.

आठवड्यानं मॅडमनी त्यांना काट्यावर उभं केलं. एकाहत्तर! "तीन किलो वाढलं, शाब्बास!" मॅडम म्हणाल्या. आत्यांचा चेहरा पडला. "शाब्बास कसली वो? आता कोळवनला तोंड कसं दावू?" मग मॅडमनी त्यांना नीट समजावून सांगितलं, की साखर वापरता येत नव्हती म्हणून शरीर स्वतःलाच खात होतं, गोळ्या आधीपासूनच पुरत नव्हत्या आणि आता रोज इन्सुलिनची सुई घ्यावी लागणार. पुढं हळूहळू, विचारून वजन उतरवू. आत्यांनी सगळं ऐकलं. मग माझ्याकडं बघितलं.

"सुनंनं सांगितलंया मला समदं," त्या म्हणाल्या. "मी कुनाला सांगू नगं म्हनलं व्हतं ना?"

"हाव."

"मग सांगितलंस कशाला?"

मी काट्याची काच पुसायला लागले.

"आदी का न्हाई सांगितलंस, भवाने!" आणि सलाइनची पट्टी लावलेल्या हातानंच माझा कान धरला. "आता तुला शिक्षा. रोज सकाळी माझ्या दारात यिऊन इचारायचं, सुई घेतली का. इसरलीस तर खोली खाली."

एवढी गोड शिक्षा मला शाळेत मिळाली असती तर मी दहावी झाले असते. आत्या घरी आल्या त्याच्या दुसऱ्याच दिवशीपासून मी सकाळी अंगणात उभी राहून ओरडते, "आत्या, सुई?" पहिल्या खोलीतनं बिहारचा मुलगा, "आंटी, सुई?" तिसऱ्या खोलीतली, पाचव्या खोलीतली, सगळे. पोरंसोरं ताट वाजवतात. आत्या लुगड्याचा पदर खोचत दारात येतात आणि गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू जाईल अशा ओरडतात, "घेतली रं मेल्यांनो, घेतली! जगू द्या आता!"