एका नावाच्या दोन गाड्या

आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची गाडी माझ्या जन्माआधीची. ती बनवणाऱ्या कंपनीनं तिचं उत्पादन फार पूर्वीच थांबवलं. पुढं नावावरचा हक्कही सुटला आणि दुसऱ्याच, एके काळी तिच्याशी स्पर्धा करणाऱ्या कंपनीनं तेच नाव उचलून आपल्या नव्या, उंच गाडीला लावलं. तेव्हापासून आमच्या खासबागेतल्या घराला शांतता नाही. काचेचं रबर मागवावं तर नव्या गाडीचं येतं. ते परत पाठवायचं मी, आणि वर आप्पांची बोलणी खायची तीही मीच.

सीमाभागातल्या गुंजी गावच्या एका लग्नात मात्र कहर झाला. आप्पांनी पहिला घास घेतला, तोच स्पीकरवरून आधी कन्नडमधून, मग मराठीतून आमच्या गाडीचं नाव पुकारलं. वऱ्हाडाची बस अडली होती, गाडी ताबडतोब काढायची होती.

आप्पा पानावरून उठले. त्यांचे गुडघे दुखतात, म्हणून मीही मागोमाग निघाले. बघते तर आमची गाडी लांब फणसाखाली, कुणालाही न अडवता उभी. फाटकातच आडवी लावली होती ती नवी, आमच्याच नावाची. मालक किल्ली घेऊन धावत येत होते.

"तुमच्यापायी जेवणावरनं उठलो की मी! ह्ये नाव माझ्या गाडीचं हाय," आप्पा कडाडले.

"अहो काका, नाव कंपनीनं ठेवलंय. मी काय करू?"

"दुसऱ्याचं नाव उचलायला लाज वाटत न्हाय त्यांस्नी?"

"आप्पा, चला आता, पान उचलतील," मी म्हटलं. कोण ऐकतंय!

त्या गृहस्थांनी गाडी बाजूला घेतली, बस गेली. मग ते परत आले आणि ओशाळून म्हणाले, "खरं सांगू काका? नावासाठीच घेतली ही. लहानपणी आमच्या डॉक्टरांकडं तुमच्यासारखी होती."

"मग तसलीच घ्यायची होती."

"मिळतीय कुठं?"

आप्पांनी खिशातून किल्ली काढली आणि ते फणसाकडं वळले. म्हणाले, "बसून बघायचंय व्हय? बसा. पण दार हळू लावा."

आत आमची पानं केव्हाच उचलली होती. पुढची पंगत बसली, वाढप सुरू झालं, तरी हे दोघं फणसाखाली बॉनेट उघडून वाकलेले. मी दोन हाका मारल्या. दोघांनीही मान वर केली नाही. शेवटी भुकेनं डोकं उठलं, तेव्हा मी एकटीच जाऊन जेवले.